चातक नाही हो, कुणाचा तरी पळालेला कॉकाटील आहे

लळिंगच्या कुरणात रविवारी एक पक्षी दिसला आणि तेव्हापासून धुळ्यातल्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच उडतोय. 'दुर्मिळ पाहुणा', 'सातपुड्यातली नवी जात'. एकाने तर चातक आला म्हणजे यंदा पाऊस लवकर, असं भाकीतही करून टाकलं. पळस फुललेला असताना!

चातक म्हणणाऱ्यांना हसणार नाही. पहिली पाच मिनिटं मीही तेच म्हणत होतो. पक्षी पाठमोरा बसलेला. डोक्यावर शेंडी, शेपूट लांब, पंखात पांढरं. दुर्बिणीतून पायाची बोटं पाहिली तर दोन पुढे, दोन मागे. पण ती चातकाचीही तशीच आणि पोपटाचीही, म्हणजे तिथेही फसगत. शेजारी गुरं घेऊन उभे असलेले आबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, हाऊ पोपट शे. चोच देख ना."

तेवढ्यात तो वळला. आकडेदार चोच, पिवळाधम्मक चेहरा, गालावर नारिंगी ठिपका, जणू कुणी अंगठ्याने शेंदूर टेकवला. बाकी अंग राखाडी. कॉकाटील. काकाकुवांच्या कुळातला सगळ्यात लहान. चेहरा एवढा पिवळा म्हणजे नर. थोड्या वेळाने खाली उतरून होल्यांच्या घोळक्यात गवताचं बी टिपायला लागला. ऑस्ट्रेलियातले त्याचे भाऊबंदही असंच जमिनीवर बी टिपतात. मधेच त्याने शीळ घातली, चढती-उतरती, कुणीतरी शिकवलेली. आणि उजव्या पायात कडी. ही अखंड कडी पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते, नंतर पंजा त्यातून जात नाही. म्हणजे पठ्ठ्या जन्मलाच पिंजऱ्यात.

मूळ ऑस्ट्रेलियाचा हे खरं, पण लळिंगला तो तिथून आलेला नाही, धुळ्यातल्याच देवपूर नाहीतर साक्री रोडच्या एखाद्या गॅलरीतून आलाय!

हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "दादा, तुम्हाला कौतुकच नाही कशाचं." कौतुक आहे हो. पण ज्यांनी पक्ष्यांच्या यादीत नुसतं 'कॉकाटील, लळिंग' असं नोंदवलंय त्यांनी पुढे 'पळालेला' एवढा शब्द लिहावा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही अशा पक्ष्यांचा वेगळा वर्ग आहे. चुकीची नोंद काय करते हे खानदेशाला कुणी सांगायला नको. आपला रानपिंगळा, म्हणजे एक दुर्मिळ छोटं घुबड, १८८४ नंतर कुणालाच दिसला नव्हता. मधे माइनरट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातच्या मांडवीत मिळाल्याचा नमुना दाखवला. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन या इंग्रज पक्षीसंग्राहकाने १८८०च्या दशकात आपल्याच भागात मारलेला पक्षी होता, नवी चिठ्ठी लावलेला. त्या चिठ्ठीच्या भरवशावर लोक भलतीकडे शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी! (तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, शहादा आपल्या धुळ्यातच. असो, तो वाद नंतर.)

आणखी एक. हा पळाला नसेल, कुणी पुण्य म्हणून सोडला असेल, तर ते पुण्य नाही. तयार राळं खाऊन वाढलेल्या जिवाला शिकारी शिक्रा ओळखू येत नाही आणि हा पांढरा पट्टा शिक्र्याला लांबून दिसतो. एप्रिलच्या उन्हाचं तर बोलूच नका.

ज्याचा असेल त्याने सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, त्याचाच जुना पिंजरा दार उघडून ठेवावा, आत राळं, आणि घरी घालायचा तीच शीळ घालावी. इनबॉक्समध्ये या, नेमकी जागा सांगतो. फक्त कडीचा रंग मुद्दाम लिहिलेला नाही आणि फोटोत पायही कापलेत. रंग जो बरोबर सांगेल, पक्षी त्याचा.