फुकटच्या धंद्याची पाटी

माझं ब्राउझर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, तयार होऊन नुसतं पडलंय. काम एवढंच, शिवाजी, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत आणायचा. १२८ बाय १२८ चा आयकॉन झाला, १२८० बाय ८०० चे स्क्रीनशॉट झाले, कुठली परमिशन का हवी याची कैफियत लिहून झाली, ५ डॉलर भरले, आणि मग ज्यांच्या स्टोअरवर ते ठेवायचं ते प्लॅटफॉर्मवाले म्हणाले पार्टनर व्हायचं तर बिझनेस लायसन्स दाखवा.

आता आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने कामगार मोजकेच असले की दुकानाची नोंदणीच लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. माझ्याकडे कामगार मीच, तोही बिनपगारी. म्हणजे सरकार म्हणतं लागत नाही, आणि हे म्हणतात जे लागत नाही तेच आणा. बरं, पावती काढून देणारा एजंट म्हणाला, मराठी पाटीसोबत फोटो हवा. म्हणून फ्लेक्स छापून आणला, फ्लॅटच्या दाराला चिकटवला आणि सेल्फी घेणार तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी काका दुधाची पिशवी घेऊन जिन्यात.

"काय काढलंय?"

"काही नाही काका, सॉफ्टवेअर आहे."

"गिऱ्हाईकं लिफ्टने येणार का?"

"कुणी येणार नाही हो, सगळं ऑनलाइन."

"मग पाटी कुणासाठी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी पिशवी डाव्या हातात घेतली, फ्लेक्सचा कोपरा नखाने उचकटून मागची टेप बघितली. "रंग निघणार. पेंटिंगचे पैसे अजून निम्म्या लोकांनी दिले नाहीत." मग आवाज खाली आणून, "सुटतात किती?"

"फुकट आहे ते."

"फुकट आहे तर लायसन्स कशाला? आणि लायसन्स काढतोयस तर फुकट कसं? तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पण शिकवणीला दोनच मुलं म्हणाल्या होत्या, आता जिन्यात चपलांतून वाट काढावी लागते."

पावती पाठवली. प्लॅटफॉर्मचं उत्तर आलं, कागद मराठीत आहे, सर्टिफाइड भाषांतर जोडा. मराठीसाठीच्या एक्स्टेंशनला मराठी कागद चालत नाही! नेमकं कशाचं भाषांतर, एका पानाचं की पाटीचंही, असं विचारलं तर पॉलिसीची तीच लिंक परत, खाली 'होप धिस हेल्प्स'. समोर माणूस आहे की नाही तेही कळू देत नाहीत, निदान काका तोंडावर तरी बोलतात.

काकांची नोटीसही आली, व्हॉट्सॲपवर, वर्ड फाइल. उघडली तर नुसते कंस आणि डॉलर, जुना फॉन्ट. माझ्याच एक्स्टेंशनमध्ये टाकली तेव्हा कळलं, सदनिकेच्या व्यावसायिक वापराबद्दल लेखी खुलासा करावा.

खाली जाऊन सांगितलं, काका, तुमची नोटीस वाचायलाच मला हे वापरावं लागलं.

"बघ," काका म्हणाले, "म्हणजे वापर सुरू झालाय."