फोटो एडिटिंगला सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्डच लागतं? नाही

"फोटोचं काम पोटापाण्यासाठी करायचं असेल तर आधी सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या, तेही वर्कस्टेशनचं, म्हणजे खास व्यावसायिक कामांसाठी बनवलेलं महागडं. त्याशिवाय रंग खरे दिसत नाहीत, १०-बिट (म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्या) मिळत नाही आणि मोठ्या फाइलींपुढे फोटोशॉप मान टाकतं." हा सल्ला सगळीकडे फिरतोय. या क्षेत्रात नव्याने उतरणारे तो प्रमाण मानतात, बजेटचा मोठा हिस्सा कार्डात घालतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो मॉनिटर उचलतात. पुढची काही वर्षं ते चुकीचे रंग बघत काम करतात, म्हणून हे सविस्तर लिहायला हवं.

आधी रंगांचं. कार्ड मॉनिटरकडे फक्त आकडे पाठवतं, आणि स्वस्त कार्ड असो की महाग, आकडे तेच जातात. त्या आकड्याचा लाल रंग पडद्यावर नेमका कसा उमटेल, हे ठरतं मॉनिटरच्या पॅनलवर, कॅलिब्रेशनवर (उपकरणाने रंग मोजून मॉनिटर जुळवण्यावर) आणि आयसीसी प्रोफाइलवर (तो मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद असलेल्या फाइलवर). कार्डाच्या बाजूने रंग बिघडतात ते बहुतेकदा एका सेटिंगमुळे. एचडीएमआयने जोडल्यावर ड्रायव्हर कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजतो आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच रेंज पाठवतो. मग काळा रंग राखाडी दिसतो, पांढरा मळकट. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट रेंज 'फुल' केली की काम झालं. त्यासाठी कार्ड बदलावं लागत नाही.

१०-बिटचा मुद्दा एकेकाळी खरा होता. एनव्हिडिआच्या कार्डांवर फोटोशॉपसारख्या ओपनजीएल (पडद्यावर चित्र काढायची एक प्रणाली) वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १०-बिट हवं तर क्वाड्रो हे त्यांचं वर्कस्टेशन कार्डच घ्यावं लागे. पण जुलै २०१९ मध्ये कंपनीने स्टुडिओ ड्रायव्हरमधून ही सोय साध्या जीफोर्स कार्डांनाही दिली. सल्ला मात्र अजून तिथेच अडकलाय. शिवाय १०-बिट ही साखळी आहे: फाइल, सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, केबल, मॉनिटर. फोटोशॉपच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये '३० बिट डिस्प्ले' (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी १० बिट) वर टिक नसेल किंवा मॉनिटर ८-बिटचा असेल, तर कार्ड कितीही भारी असून फरक शून्य. आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसताहेत ती फाइल ८-बिट जेपेग असेल, तर ते पट्टे फाइलमध्येच आहेत.

मोठ्या फाइलींचा हिशोब करून बघा. ४५ मेगापिक्सेलचा फोटो, १६-बिट, तीन चॅनेल: एक पूर्ण लेयर सुमारे २७० एमबी. असे दहा लेयर म्हणजे २.७ जीबी, त्यावर हिस्टरी, म्हणजे मागे जाता यावं म्हणून साठवलेल्या पायऱ्या, वेगळी. हा भार मुख्यतः रॅमवर येतो, आणि रॅम भरली की स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे फोटोशॉप तात्पुरती जागा म्हणून वापरतं त्या डिस्कवर. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत 'एफिशिएन्सी' निवडून ठेवा. काम करताना तो आकडा १००च्या खाली रेंगाळत असेल तर पैसे रॅममध्ये आणि वेगवान एसएसडीत घाला. कार्डासाठी अडोबीची स्वतःची शिफारस ४के मॉनिटरलाही ४ जीबी व्हीरॅमची (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची) आहे.

वेगाबद्दल थोडक्यात: झूम, कॅनव्हास फिरवणं, लिक्विफाय, ब्लर गॅलरी यांना कार्डाची मदत होते, पण ती मध्यम कार्डानेही भागते. लेयर जोडणं, फाइल सेव्ह करणं, बरेचसे जुने फिल्टर हे प्रोसेसरचं काम. गेममधल्या फ्रेम्सचे आकडे बघून फोटोशॉपचं कार्ड निवडू नये.

एका ठिकाणी मात्र हा सल्ला खरा ठरतो, आणि ते सांगितलंच पाहिजे. लाइटरूम आणि कॅमेरा रॉमध्ये २०२३ साली आलेलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारी सोय) जवळजवळ पूर्णपणे कार्डावर चालतं. जुन्या कार्डावर एका रॉ फाइलला काही मिनिटं लागू शकतात, तेच काम चांगल्या कार्डावर काही सेकंदांत होतं. लग्नाचे किंवा वन्यजीवांचे हाय आयएसओवरचे शेकडो फोटो रोज साफ करणाऱ्याने इथे हात आखडता घेऊ नये: ८ जीबी किंवा जास्त व्हीरॅम, आणि एनव्हिडिआ घेणार असाल तर टेन्सर कोअर (एआयच्या गणितासाठीचे खास भाग) असलेलं, म्हणजे आरटीएक्स मालिकेतलं. जीटीएक्स १६ मालिकेत ते कोअर नाहीत. पण याही कामाला वर्कस्टेशन कार्ड लागत नाही.

तेव्हा खरेदीआधी तुमचं रोजचं सगळ्यात जड काम सध्याच्याच मशीनवर लावा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. थांबावं लागतं त्या वेळी प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) यांपैकी कोण पूर्ण भरलंय ते बघा. जीपीयू असेल तर खुशाल कार्ड घ्या. नसेल तर ते पैसे आधी चांगल्या मॉनिटरला आणि कॅलिब्रेटरला द्या.