पोट्टं सांगत नाही, तोवर काही झालंच नाही

रविवारी दुपारी तर्रीत पोळी बुडवून बुडवून खाणारं पोरगं सोमवारी सकाळी साडेसहाला पोट धरून बसलं, तर घाबरू नका. ओवा आणि काळं मीठ द्या. पुढच्या सोमवारीही तेच द्या. शाळेला सुट्टी असली की हे पोट मुकाट कसं राहतं, असले प्रश्न रिकामटेकड्या लोकांना पडतात. तुम्हाला कामाला बुटीबोरी गाठायची असते.

डबा रिकामा येतो, म्हणजे पोरगं जेवतं. हिशेब संपला. मग घरी आल्यावर बूटही न काढता ओट्याशी उभं राहून सकाळच्या गार पोळ्या का खातं? वाढतं वय. डब्यातली संत्रा बर्फी नेमकी कोणाच्या पोटात गेली, हे विचारून घरातली शांती घालवू नका. तीन महिन्यांत पाण्याची चौथी बाटली हरवली आणि शर्टाची तीच बटणं दुसऱ्यांदा तुटली, तर 'याले वस्तूची किंमतच नाही' हे वाक्य तयार ठेवा. पाहुण्यांसमोर म्हटलं की जास्त लागू पडतं.

आता मुख्य धोका. पोरं कधीकधी बोलतात. समोर बसवून 'सांग, काय झालं?' विचारलं तर बोलत नाहीत, म्हणून तुम्ही तसंच विचारत जा. ती बोलतात गाडीवर मागे बसून, तुमचं तोंड दिसत नसताना. शंकरनगर चौकात सिग्नल लागलेला असतो, वर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, आणि मागून बारीक आवाज येतो: "बाबा, व्हॅन बदलता येते का?"

इथे चुकूनही 'काहून रे?' म्हणून थांबू नका. "पैसे भरले नं वर्षाचे!" एवढं म्हणा. तेवढ्यात सिग्नल सुटतो.

तरीही त्याने पुढे रेटलंच, तर आपल्याकडचं रामबाण औषध आहे: "तुले हात नाहीत का बे?" समोर सातवीतले तीन आणि आपला चौथीतला एक, हे गणित घालू नका. डॅन ओल्वेअस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नॉर्वेत याच गोष्टीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलं. मुद्दाम, पुन्हा पुन्हा आणि आपल्याहून दुबळ्याला दिलेला त्रास म्हणजे छळ, ते पोरापोरांचं भांडण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. 1983 मध्ये त्या देशाने शाळांमधून त्यासाठी मोहीमसुद्धा काढली. थंड देश आहे, लोकांना वेळ असतो.

आपण तर सगळेच मार खाऊन मोठे झालो, आपलं काय बिघडलं? मी अजूनही बसमध्ये मागच्या सीटवर बसत नाही, उभा राहतो. पण ती सवय आहे.

शाळेत जायची पाळी आलीच, तर रिकाम्या हाताने जा. कोणत्या तारखेला, कुठे, कोणी, कोणासमोर, हे वहीत लिहून नेलं की बाईंना 'असं काही होत नाही हो आमच्याकडे' म्हणणं जड जातं. त्यांना का अडचणीत आणायचं? त्यापेक्षा दोन्ही पोरांना समोरासमोर उभं करून 'सॉरी' म्हणवून घ्यावं, हातात हात द्यावेत. तासाभराने व्हॅनमध्ये त्याच हाताचा हिशेब चुकता होतो, पण तोवर आपण निघालेलो असतो. किंवा थेट व्हॅनच्या ग्रुपवर 'काही घरांत संस्कारच नाहीत' असं टाकावं. रात्रभर अंगठे येतात, आणि सकाळी पोरगं त्याच व्हॅनमध्ये चढतं. 1098 हा मुलांसाठीचा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो, पण तो आपल्यासारख्या घरातल्या मुलांसाठी नसतो, असं मनाशी धरून चाला.

आणि त्रास देणारा तुमचाच असेल तर? अभिनंदन. पोट्ट्यात लीडरशिप आहे.

आता तान्हा पोळा येईल. सकाळी पोराला खांद्यावर घ्या आणि मारबत पाहायला नागपूरच्या महाल भागात न्या. काळ्या मारबतीचा पुतळा 1881 पासून निघतो म्हणतात. शहरातलं जे जे वाईट, ते तिच्यासोबत शहराबाहेर जाळायला पाठवायची आपली जुनी सोय. ढोल, धक्काबुक्की, घाम. महागाई घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत! खांद्यावरचं पोरगंही मुठी आवळून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडू लागेल:

"मागची सीट घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूचे हसतील. तुम्हीही हसा. मोबाइल काढून त्याला म्हणा, "पुन्हा म्हण बे, स्टेटसले टाकतो."