वन हक्काचा दावा हमखास नामंजूर कसा करून घ्यावा

वनजमीन कसणाऱ्याने वन हक्क कायद्याखाली केलेला दावा फेटाळून घ्यायला पूर्वी फार खटपट करावी लागे. आता जमीन मोजायला हातात मोबाईल आहे, अ‍ॅप फुकट आहे. जरा मन लावलंत तर एका सकाळीत काम होतं.

जमिनीवर पोचल्या पोचल्या रेकॉर्डचं बटण दाबा. रेंज नसलेल्या डोंगरात फोनला उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतात. तोवर पहिले दोन कोपरे भलत्याच्याच शेतात जाऊन पडतील. पडू द्या. फोन खिशात ठेवा, म्हणजे अंगाचा आडोसा होईल. कोपऱ्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबू नका, झपाझप चाला. पडद्यावर 'अचूकता 18 मीटर' दिसलं तरी बिचकू नका. मोकळ्या आभाळाखाली तो आकडा 3 ते 5 वर येतो, पण त्यासाठी ऐनाच्या झाडाची सावली सोडावी लागते. उन्हात कोण जातो?

आता हिशोब. रायगडातल्या दळीतला, म्हणजे डोंगरउतारावरच्या शेतीतला, 50 बाय 20 मीटरचा वरकस (हलक्या जमिनीचा) तुकडा घ्या, साधारण 10 गुंठे. चारही बाजू पाच-पाच मीटर आत सरकल्या की उरतो 40 बाय 10, म्हणजे 4 गुंठे. सहा गुंठ्यांची नाचणी फोनने खाल्ली! बाहेर सरकल्या तर 18 गुंठे होतात आणि शेजारी भांडायला येतो. त्याला मोजणीला बोलावलेलं नसतंच.

बोलावण्याचं म्हणाल तर वन विभागालाही तोंडीच सांगा. ग्रामसभेच्या वन हक्क समितीने आगाऊ कळवायचं, वन आणि महसूलच्या माणसांनी जागेवर येऊन हुद्दा, तारीख, शेरा घालून सही करायची, असा नियम आहे. पत्राची पोच फाइलला असली की पंचाईत होते. 'आमचा माणूस नव्हता' ही हरकत आली तर पडताळणी पुन्हा होते. तेव्हाही कोणी फिरकलं नाही, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरला जातो. एवढी जोखीम कशाला?

मग नकाशा जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशावर, तसाच ठेवा. अक्षांश-रेखांश मोजायच्या पद्धती दोन: फोन डब्ल्यूजीएस 84 मध्ये बोलतो, जुना कागद एव्हरेस्टमध्ये. रूपांतर न करता एकावर एक ठेवले की तुमचं शेत शेकडो फूट सरकून शेजारच्या वनकक्षात, नशीब असेल तर ओढ्यात जातं.

शेवटचा हुकमी एक्का उपग्रहचित्राचा. कायद्याने ठरवलेल्या 13 डिसेंबर 2005 या तारखेची कब्जेवहिवाट दाखवायची म्हणून त्या सुमाराचं 30 मीटरचं चित्र काढा. त्यातला एक ठिपका 900 चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास 9 गुंठ्यांचा. आपला अख्खा तुकडा एक-दोन ठिपक्यांत मावला! दळी त्या वर्षी पड असेल किंवा बांधावर मोह पसरला असेल, तर ठिपका हिरवा येतो आणि शेताचं जंगल होतं. उपग्रहचित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरावं, त्यांच्या जागी नव्हे, असं वन हक्क नियमांतल्या 12-अ मध्ये लिहिलंय. तेवढं पान फाडून टाका.

घरातली ट्रंक मात्र उघडू नका. तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वन विभागानेच फाडलेली दंडाची पावती निघते. अतिक्रमण म्हणून घेतलेला तो दंडच कब्जाचा पुरावा ठरतो. वर गावातल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब आणि जागेवरच्या ताली जोडल्या, की दावा नामंजूर करणाऱ्याला कारण शोधत बसावं लागतं. दुसऱ्याचं काम वाढवू नये.

आणि 'तुमचं झालं नाही' असं कोणी व्हरांड्यात सांगितलं, तर नमस्कार करून घरी या. सकारण लेखी निर्णय मागू नका. अपिलाला 60 दिवसांची मुदत असते. कागदच नसेल तर तारखेचा वाद घालत आणखी दोन पावसाळे सहज निघतात.