झावीचा ईमेल आणि खालिदची नोकरी

2025 च्या नोव्हेंबरमध्ये, फुटबॉलच्या आशियाई कप पात्रता फेरीत, भारत ढाक्यात बांगलादेशकडून 0-1 हरला त्या रात्रीपासून आमच्या ग्रुपवर एकच पालुपद चालू झालं. कोच बदला. खालिद जमीलला राष्ट्रीय संघाचा कोच नेमून तेव्हा चार महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि पुढचा कोण यावर पैजा लागल्या होत्या. तिथे टाइप करून बोटं दुखली, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

2025 चा जुलै आठवतोय का? आधीचे कोच मनोलो मार्केझ गेले, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जाहिरात काढली, 170 अर्ज आले. त्यात माजी नामवंत खेळाडूही, लिव्हरपूलचा रॉबी फाउलर, ऑस्ट्रेलियाचा हॅरी क्युएल. मग बातमी फुटली की बार्सिलोनाचा माजी खेळाडू आणि कोच झावी यानेही अर्ज केलाय, पण तो परवडणारा नाही म्हणून बाजूला ठेवला. शेवटी महासंघालाच सांगावं लागलं की झावी आणि नामांकित कोच पेप ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेले मेल खरे नव्हते. झावीचा मेल मीच पाठवला, असं एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने सांगून टाकलं. सगळे त्या पोरावर हसले. माझ्या डोक्यात मात्र ते "परवडणारा नाही" अडकून बसलं. अर्ज खोटा होता, पण त्याला मिळालेलं उत्तर शंभर टक्के खरं होतं.

कारण त्याच्या वर्षभर आधी काय झालं? मार्केझच्या आधीचे कोच इगोर स्टिमाच यांचा करार 2026 पर्यंत वाढवून दिला, आणि 2024 च्या जूनमध्ये त्यांना काढलं. तडजोडीत सुमारे 4 लाख डॉलर मोजावे लागले. त्यांच्या जागी मार्केझ आले ते एफसी गोवा या क्लबची नोकरी सांभाळून. देशाला अर्धाच कोच मिळाला. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. मार्केझ वाईट कोच नाहीत, गोवेकरांना विचारा. पण दोन दगडांवर पाय ठेवायची मुभा त्यांना कोणी दिली?

तेव्हा "देशी की परदेशी" हा वाद मला फुकाचा वाटतो. खालिदच्या आधीचा शेवटचा भारतीय कोच गोव्याचा साव्हियो मेदेरा, 2011-12 मधला. त्याच्या आधी गोव्याचाच आर्मांदो कोलासो, ज्याने डेम्पो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती. दोघांनाही धड वर्ष मिळालं नाही. आणि देशी माणसाला वेळ दिला की काय होतं, तेही आपल्याच इतिहासात आहे. हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम 1950 ते 1963 एका जागी राहिले. आशियाई खेळांत दोन सुवर्णं, आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे ऑस्ट्रेलियावर हॅट्ट्रिक ठोकणारा नेव्हिल डिसोझा मुंबईत खेळणारा गडी होता, हे आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना सांगून ठेवा जरा.

खालिदबद्दल मला आपुलकी आहे, लपवत नाही. मुंबई एफसी या क्लबात त्याने वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशांत संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवून ठेवला. मुंबईच्या कुपरेज मैदानावर त्या मॅच बघितलेल्यांना माहीत आहे, सुंदर वगैरे काही नसायचं. गोल खायचा नाही, आणि मिळाला तर एक मारायचा. 2016 मध्ये तो तिथून बाहेर पडला, मिझोरामच्या ऐझॉल क्लबला गेला, आणि पुढच्याच हंगामात आय-लीग जिंकला. जयेश राणेसारखी मुंबईची पोरं त्या संघात होती. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेलं आणि मग बंदच पडलं. एवढ्या मोठ्या शहराला हा माणूस नको झाला होता.

पण आपुलकी आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. 14 ऑक्टोबरला आम्ही चौघं कोल्हापुरातून गाडी काढून गोव्यात फातोर्ड्याला गेलो होतो, सिंगापूरची मॅच बघायला. 14 व्या मिनिटाला आपल्या छांगतेने असला गोल मारला की शेजारचे अनोळखी काका माझ्या गळ्यात पडले. मग सिंगापूरच्या सॉन्ग उइ-यंगचे दोन. शेवटचा अर्धा तास आपण काय करत होतो? लांब बॉल फेकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. घरच्या मैदानावर, जिंकलंच पाहिजे अशा मॅचमध्ये, खालिदकडे दुसरा डाव नव्हता. आशियाई कपचं दार तिथे बंद झालं. येताना गाडीत कोणी बोललं नाही.

तरीही त्याला काढा म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो. तो आला तेव्हा कॅम्पला मिळाले दोन आठवडे, आणि कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने खेळाडू सोडले नाहीत. तशात मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात हरवलं, पेनल्टींवर ओमानला हरवून तिसरा नंबर आणला. देशातली मुख्य लीग, इंडियन सुपर लीग, जुलैपासून लटकलेली होती. तिच्या व्यापारी हक्कांसाठी निविदा काढली, तर मुदतीत एकही बोली नाही. खेळाडूंना खेळायला सामनेच नव्हते, मग कोचने निवडायचं कशावरून, कॅम्पमधल्या धावण्यावरून? आमच्या पेठेतला संघसुद्धा शाहू स्टेडियमवर उतरायच्या आधी महिनाभर रोज घाम गाळतो.

जाहिरातीत लायसन्स मागता, अनुभव मागता. उमेदवारानेही उलटं विचारायला हवं: वर्षाला किती दिवस पोरं माझ्या ताब्यात? लीग कधी? करार दोन वर्षांचा म्हणजे खरंच दोन वर्षांचा ना? हे कागदावर नसेल तर पुढच्या वेळी खराखुरा झावी आला तरी ढाक्यात असंच होईल.

ढाक्यानंतर मार्च 2026 मधली हाँगकाँगशी घरची मॅच तेवढी उरली होती. तिला अर्थ नाही, असं ग्रुपवर सगळे म्हणत होते. उलट हीच एक मॅच अशी होती जिथे खालिदला गमवायला काही नव्हतं. 23 वर्षांखालचा संघ तेव्हा नौशाद मूसाकडे होता, तोही मुंबईचाच. त्याच्या पोरांनी सप्टेंबर 2025 मध्ये बहारीनला 2-0 हरवलं. त्यातले सहा-सात जण सरळ उतरवावेत आणि लांब बॉल बंद करावा, असं माझं म्हणणं होतं. अजूनही असा संघ उतरवला तर हरले तरी मी तिकीट काढून जाईन. गाडीत दोन जागा आहेत.