खुले झाले, पण कोणाच्या पैशाने?

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : शोधनिबंध झपाट्याने खुले होत आहेत, वाचकाला काही मोजावे लागत नाही, खर्च लेखक उचलतो आणि ज्याला छापून यायचे आहे त्याने तो उचलणे रास्तच आहे. अशा वेळी विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी पूर्वीइतका निधी मागणे म्हणजे बदलाला घाबरणाऱ्या ग्रंथपालांची वकिली करणे.

'ज्याला छापायचे त्याने द्यावे' हे मला मुळातच पटत नाही. 'नेचर' या विज्ञान-जर्नलने नोव्हेंबर २०२० मध्ये एक निबंध खुला करण्याचा दर जाहीर केला, ९,५०० युरो. इतके पैसे लेखक खिशातून भरत नाही. ते संशोधनाच्या अनुदानातून जातात, विद्यापीठाकडून जातात, आणि पुष्कळदा ग्रंथालयाच्याच खात्यातून जातात. गणितात, इतिहासात, भाषाशास्त्रात अनुदानाशिवाय काम करणारे कितीतरी लोक आहेत. त्यांना वाचायला मिळाले, पण शुल्कावर चालणाऱ्या जर्नलमध्ये लिहिणे अवघड झाले. काहींना शुल्कमाफी मिळते, बाकीच्यांना ती मागावी लागते. मला हा अन्याय जुन्यापेक्षा मोठा वाटतो. पूर्वी जर्नलची वर्गणी परवडत नसली तरी लेखकाला पत्र लिहून निबंधाची प्रत मागवता येत होती.

शिवाय निबंधामागे पैसे मिळू लागले, की जास्तीत जास्त निबंध छापण्यातच प्रकाशकाचा फायदा असतो. वाइली या बड्या प्रकाशकाने २०२१ मध्ये हिंदावी ही खुली जर्नल्स काढणारी कंपनी विकत घेतली. तिच्या जर्नलांच्या विशेषांकांत बनावट निबंध विकणाऱ्या टोळ्या शिरल्याचे उघड झाले आणि एकट्या २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'न्यूरोइमेज' या मेंदूविषयक जर्नलच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकत्र राजीनामे दिले, कारण ३,४५० डॉलरचे शुल्क कमी करायला त्याची प्रकाशक कंपनी एल्सेविअर तयार नव्हती. त्यांनी एमआयटी प्रेसकडे नवे जर्नल काढले आणि शुल्क निम्म्याहून कमी ठेवले.

'सगळे नेटवर आहेच' हे तुमचे वाक्य मला जास्त काळजीचे वाटते. २००० ते २०१९ या काळात १७४ खुली जर्नल्स इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचे संशोधकांनी शोधून काढले आहे. त्यांतली बरीच विद्वत्सभा आणि शैक्षणिक संस्था चालवत होत्या. अशा ठिकाणी संपादक निवृत्त झाला किंवा सर्व्हरचे पैसे भरायचे राहिले, की सगळे अंक एकदम जाऊ शकतात. छापील अंक निदान अनेक ग्रंथालयांच्या मांडणीवर तरी असायचा. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात १९९९ मध्ये सुरू झालेला 'लॉक्स' प्रकल्प हेच डिजिटल अंकांसाठी करतो, एका अंकाच्या अनेक ठिकाणी प्रती ठेवतो. हे काम खर्चाचे आहे आणि वाचकाच्या नजरेला पडत नाही.

राहिला ग्रंथपाल घाबरतात हा मुद्दा. १९९१ मध्ये सुरू झालेले 'अर्काइव्ह', म्हणजे शोधनिबंध सर्वांसाठी मोफत ठेवणारे संकेतस्थळ, पुढे कितीतरी वर्षे कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने चालवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेविअरशी बोलणी मोडली, नव्या अंकांशिवाय दिवस काढले आणि २०२१ मध्ये नवा करार केला. या वाटाघाटींत ग्रंथपाल पुढे होते. त्यांना घाबरट म्हणणे मला साफ अमान्य आहे.

निधी मी मागतो तो जुन्या वर्गण्या चालू ठेवायला नाही. वाचकाकडून आणि लेखकाकडून, दोघांकडूनही पैसे न घेणाऱ्या जर्नलांना, रिपॉझिटरींना (निबंध साठवून सर्वांना खुले ठेवणाऱ्या संग्रहांना) आणि जतनाच्या कामाला तो मिळावा. आज मोठा वाटा 'वाचा आणि प्रकाशित करा' करारांत जातो, ज्यांत वाचण्याचे आणि छापण्याचे पैसे संस्था प्रकाशकाला एकत्र देते, म्हणजे त्याच मोजक्या कंपन्यांकडे.

या करारांतल्या रकमा गुप्त ठेवल्या जातात, यावर तुम्ही चिडला आहात, आणि तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. जर्मनीतल्या संस्थांनी वाइलीशी २०१९ मध्ये केलेला करार जाहीर केला, त्यात एका निबंधामागे २,७५० युरो असा दर सर्वांना वाचता आला. तुम्ही विद्यापीठात शिकवता असे लिहिले आहे. तुमच्या ग्रंथालयाकडे त्यांच्या करारातला असा दर मागा, आणि मिळाला तर इथे जरूर लिहा.