‘धर्महिंसा तथैव च’ ही ओळ महाभारतात नाही

‘अहिंसा परमो धर्मः, धर्म हिंसा तथैव च. गीतेतला हा पूर्ण श्लोक. गांधीजींनी अर्धाच सांगितला.’ हा फॉरवर्ड आता दहावीतल्या भाचीच्या संस्कृतच्या वहीत सुभाषित म्हणून उतरलाय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी ‘पूर्ण श्लोक’. हे ज्यात बसतं त्या अनुष्टुभ छंदाचे चरण चार, प्रत्येकी ८ अक्षरं, एकूण ३२. इथली मोजा, १६ भरतात. म्हणजे हा स्वतःच अर्धा श्लोक.

गीतेत तर पहिला चरणही नाही. ‘अहिंसा’ हा शब्द तिथे १०.५, १३.७, १६.२ आणि १७.१४ इथे येतो, तोही इतर गुणांबरोबर.

तो चरण महाभारतात इतरत्र आहे. पुढचा चरण आदिपर्वात ‘सर्वप्राणभृतां स्मृतः’, वनपर्वात ‘स च सत्ये प्रतिष्ठितः’, अनुशासनपर्वात ‘तथाहिंसा परो दमः’. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली. एखाद-दुसऱ्या पोथीतच सापडलेली ओळसुद्धा तिथे तळटीपेत ताऱ्याची खूण करून दिलेली असते. ‘धर्महिंसा’ची ओळ ना मुख्य पाठात, ना तळटीपेत. मग गांधीजींनी कापलं काय?

सगळ्यात घातक आहे तो अर्थ. ‘धर्म’ सुटा लिहिला तर त्याला विभक्तीच नाही. जोडून ‘धर्महिंसा’ केलं, तर जीवहिंसा, पशुहिंसा यांच्यासारखा षष्ठी तत्पुरुष होतो, म्हणजे धर्माची हिंसा. ओळीचा सरळ अर्थ निघतो, ‘अहिंसा हा परम धर्म, आणि धर्माचा घात करणं हाही’! ‘धर्मासाठी हिंसा’ म्हणायला चतुर्थी समास लागतो, तो व्याकरणकार पाणिनी मोजक्याच ठिकाणी देतो (अष्टाध्यायी २.१.३६). ओळ वृत्तात मात्र चोख बसते, पाचवं अक्षर लघू, सहावं गुरू, सातवं लघू. म्हणूनच ती कानाला खरी वाटते. पण वृत्त कुणालाही जुळवता येतं.

एक मान्य करायला हवं. महाभारत सरसकट युद्धाविरुद्ध नाही. क्षत्रियाला धर्म्य युद्धाहून श्रेयस्कर काही नाही, असं गीता २.३१ मध्ये स्पष्ट म्हटलंय. ज्याला ते सांगायचंय त्याने तो श्लोक सांगावा, संदर्भासकट. आणि अनुशासनपर्वातला श्लोक उद्धृत करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं, तिथे भीष्म युधिष्ठिराशी मांसाहाराबद्दल बोलतायत, रणाबद्दल नव्हे.

वहीतली ओळ खोडून त्या जागी हा श्लोक लिहावा:

अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः ।
अहिंसा परमं दानमहिंसा परमं तपः ॥